न्हाणीघरांतील सांडवा



धरण बांधतांना त्याला सांडवा ठेवावाच लागतो. पाणी ठराविक पातळीच्या वर चढूं लागलें म्हणजे तें तेथून वाहून जातें आणि बांध सुरक्षित राहतो. आपल्या घरांतील वॉश-बेसिनला आणि न्हाणीच्या टबाला असाच एक लहानसा सांडवा बहुधा असतो. काठाच्या थोडें खालीं दिसणारें ओव्हरफ्लोचें भोंक तें हेंच. बूच लावलेलें असतांना नळ चालू राहिला, तर वाढलेलें पाणी या वाटेनें सांडपाण्याच्या नळींत उतरतें.

उघडें भोंक कोणाला शोभिवंत वाटणार? म्हणून त्यावर पितळेचें, क्रोमचा मुलामा दिलेलें झांकण बसवितात. कोठें जाळी, कोठें फुलाच्या पाकळ्या, कोठें नुसती गुळगुळीत चकती. एवढ्याशा वस्तूच्या रूपालाही कायद्याचें संरक्षण मिळूं शकतें. अमेरिकेंत १८४२ सालापासून वस्तूच्या आकृतीला स्वतंत्र पेटंट देण्याची सोय आहे. आकृति नवी, स्वतःची आणि शोभादायक असावी, ही तेथील अट. या पेटंटाचें सारें सामर्थ्य चित्रांत असतें : सलग रेषांनीं काढलेला भाग हक्काचा, तुटक रेषांचा भाग बहुधा संदर्भापुरता. नक्कल झाली कीं नाहीं, हें सामान्य गिऱ्हाइकाच्या नजरेवरून ठरवितात. ही कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८७१ च्या सत्रांतील गोरहॅम विरुद्ध व्हाइट या खटल्यांत घालून दिली. तेथें वाद होता चमच्या-कांट्यांच्या दांड्यांवरील नक्षीचा. आपल्याकडील २००० सालचा डिझाइन्स ॲक्टही आकृतीचा निवाडा केवळ डोळ्यांवर सोंपवितो आणि निव्वळ यांत्रिक युक्तीला त्यांतून वगळतो. येथें संरक्षण १० वर्षें मिळतें, आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षें.

म्हणजे कायदा रूप पाहतो. पाणी किती वाहील, हें तो विचारीत नाहीं. तो प्रश्न गिऱ्हाइकानेंच विचारावयास हवा.

थोडा हिशेब करूं. भोंकाचा व्यास २५ मिलिमीटर असेल, तर वाट सुमारें ४.९ चौरस सेंटिमीटरची. तीवर ५ मिलिमीटर व्यासाचीं ८ छिद्रें असलेली सुबक जाळी बसविली, कीं वाट उरते अवघी १.६ चौरस सेंटिमीटर. मूळच्या एक तृतीयांशाहून कमी! आतां ६० मिलिमीटर व्यासाची बिनछिद्र चकती घ्या आणि ती भोंकासमोर ३ मिलिमीटर अंतर राखून बसवा. कडेच्या फटीची वाट ५.६ चौरस सेंटिमीटरहून अधिक भरते. पाणी चकतीच्या निम्म्यापर्यंतच चढलें, तरी २.८ मिळते. नक्षी मुखावर राहिली, पाणी कडेनें गेलें. दोघांचें भांडण मिटलें.

या फरकाची किंमत मोठी आहे. नळांतून मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल आणि ओव्हरफ्लोंतून ६ लिटरच जात असेल, तर भरलेल्या टबांतून पाव तासांत ६० लिटर पाणी जमिनीवर येईल. खालच्या बिऱ्हाडाच्या छताला तें लवकरच जाणवेल.

तेव्हां झांकण निवडतांना शोभा अवश्य पाहावी. परंतु त्यामागची वाट किती मोकळी आहे आणि साबणाचा मळ काढण्यासाठीं तें सहज निघतें कीं नाहीं, हेंही पाहावें. बसविल्यावर जवळ उभें राहून, बूच लावून नळ पूर्ण सोडावा. पाण्याची पातळी काठाखालींच स्थिर राहिली, तर तें झांकण खरोखर सुंदर म्हणावें.