मूल तुच्छता कोठे शिकते?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात १९०१ सालचा एक प्रसंग नोंदविला आहे. वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावास निघालेले बाल भीमराव, त्यांचे बंधू व भाचे मसूर स्थानकावर उतरले. अंगावरील चांगल्या कपड्यांमुळे ही ब्राह्मणांची मुले असावीत असे समजून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागले. आपण महार आहोत हे भीमरावांनी सांगताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते तेथून निघून गेले.

शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागते, शिपायावाचून पाणी मिळत नाही, हे भीमरावांस त्याआधीच ठाऊक होते. हा इतिहास आपणां सर्वांस परिचित आहे. परंतु त्याच वर्गातील इतर मुलांचे काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. शाळा झाडणारा नोकरदेखील एका मुलाच्या गोणपाटास हात लावीत नाही, हे ती मुले रोज पाहत होती. त्यांना कोणी मनुस्मृती वाचून दाखविली नव्हती. मोठ्यांचा आखडलेला हात त्यांना पुरेसा होता. स्पर्शापासून वेदना आणि वेदनेपासून तृष्णा, हा प्रतीत्यसमुत्पादाचा क्रम येथे ध्यानात घ्यावा. बालमनात नकोसेपणाची वेदना प्रथम उमटते, त्यासाठीचा शब्द मागाहून येतो आणि कारण सर्वांत शेवटी, तेही बहुधा मोठ्यांकडून उसने घेतलेले.

अमेरिकेतील केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. त्यांत फरक केवळ रंगाचा होता. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली व काळी वाईट ठरविली. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविताना क्लार्क यांच्या संशोधनाचा दाखला दिला. (या दोघांनी डॉक्टरेट मिळविली ती बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठात.) म्हणजे, ज्याचा तिरस्कार केला जातो ते मूलही तोच तिरस्कार शिकते. आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली. २०२० साली तिच्या नावातून ‘फेअर’ गेले. वधूवर सूचींतील ‘गोरी’ मात्र गेलेली नाही, आणि बौद्ध वधूवर सूचीही त्यास अपवाद नाहीत.

आता मुळशी तालुक्याकडे वळू. येथे बौद्धवाड्या आहेत, तशाच कातकरवाड्याही आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे. आपले मूल केस न विंचरता, अनवाणी घरात शिरले की, “काय हा कातकऱ्यासारखा अवतार!” हे उद्गार कोणाच्या तोंडून निघतात? ते बौद्धवाडीतून कधीच ऐकू येत नाहीत, असे छातीठोकपणे सांगण्याचे धैर्य प्रस्तुत लेखकापाशी नाही. ज्या भिंतीवर तथागत व बाबासाहेब यांच्या प्रतिमा आहेत, तिच्याखाली बसून मूल हे ऐकत असते.

वास्तविक ‘कातकरी’ हे नाव खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून पडले. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात तथागतांनी हेच विशद केले आहे. तृण, कीटक, पक्षी यांच्यात जन्मतः भिन्न जाती आहेत. मनुष्यात तसा भेद नाही. शेती करणारा शेतकरी, कारागिरी करणारा कारागीर. नावे कामावरून पडतात व व्यवहारापुरती असतात. हे सुत्त मुलांस समजावून देणे कठीण नाही. कठीण आहे ते घरातील सहज बोलणे आवरणे.

पावसाळा सरला, भाताची कापणी उरकली, की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसा पाडण्याच्या कामावर बाहेरगावी जातात. कित्येकदा आधी घेतलेली उचल फेडण्यासाठी जावेच लागते, आणि मुलेही सोबत जातात. वर्गातील त्यांची जागा रिकामी होते. शेजारी बसणारे आपले मूल घरी येऊन विचारते, “तो शाळेत का येत नाही?” त्यावर “त्यांना शिक्षण नकोच असते” असे म्हणता येते, किंवा उचल म्हणजे काय हे त्याला सांगता येते.