जीवनसत्त्व ‘ड’ आणि पुरुषांची प्रजननक्षमता : खानदेशाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार प्रौढांपैकी सुमारे दर सहा व्यक्तींमागे एकीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाशी निगडित कारण, एकटे किंवा स्त्रीमधील कारणासह, आढळते. तरीही दोष प्रथम सुनेच्या माथी मारला जातो आणि पुरुषाची तपासणी लांबणीवर पडते. अलीकडे पुरुष-वंध्यत्वाचा संबंध जीवनसत्त्व ‘ड’ च्या कमतरतेशी जोडला जातो. जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या संदर्भात हा संबंध कितपत दृढ आहे, याचा येथे विचार केला आहे.

ऊन आणि उणीव :
सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे त्वचेत जीवनसत्त्व ‘ड’ तयार होते. यकृत व मूत्रपिंड यांत त्यावर प्रक्रिया होऊन त्याचे क्रियाशील रूप बनते. खानदेश सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथे उन्हाची वाण नाही. परंतु ऊन असणे आणि ते अंगाला लागणे या भिन्न गोष्टी आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील अभ्यासात २५ ते ३५ वयोगटातील ११३७ निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ७० टक्के व्यक्तींत ही कमतरता आढळली. म्हणून केळी-कापसाच्या शेतात राबणारा मजूर आणि दिवसभर दुकानात वा कार्यालयात बसणारा नोकरदार यांची स्थिती सारखीच असेल, असे मानता येत नाही. शिवाय, सकाळच्या कोवळ्या उन्हात हे किरण अत्यल्प असतात. ते मुख्यतः अकरा ते दोनच्या दरम्यान मिळतात. शाकाहारातूनही हे जीवनसत्त्व फारसे मिळत नाही.

शुक्राणूंशी संबंध :
या जीवनसत्त्वाचे ग्राही आणि त्यावर प्रक्रिया करणारी विकरे वृषण, अधिवृषण व शुक्राणू यांत असल्याचे डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१० साली दाखविले. पुढील वर्षी ३०० पुरुषांच्या अभ्यासात रक्तातील ‘ड’ चे प्रमाण आणि शुक्राणूंची गतिशीलता यांत धन सहसंबंध दिसला. क्रियाशील ‘ड’ मुळे शुक्राणूंतील कॅल्शियम वाढते व त्यांच्या हालचालीस चालना मिळते, असेही प्रयोगशाळेत आढळले.

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. लठ्ठपणा व बैठी जीवनशैली यांमुळे ‘ड’ चे प्रमाण आणि वीर्याची गुणवत्ता ही दोन्ही घटू शकतात. खरी कसोटी औषधाच्या चाचणीत लागते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील यादृच्छिक चाचणीत ३३० वंध्य पुरुषांपैकी एका गटास जीवनसत्त्व ‘ड’ व कॅल्शियम, तर दुसऱ्यास निष्क्रिय औषध १५० दिवस देण्यात आले. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणजे हा काळ पुरेसा होता. तथापि, दोन्ही गटांच्या वीर्याच्या गुणवत्तेत लक्षणीय फरक आढळला नाही. शुक्राणुसंख्या कमी असलेल्या उपगटात अपत्यजन्माचे प्रमाण अधिक दिसले. पण उपगटावरील असा निष्कर्ष स्वतंत्र चाचणीने पडताळावा लागतो.

स्थानिक दक्षता :
मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या काळात ‘ड’ साठी भर दुपारी उन्हात बसणे म्हणजे उष्माघातास निमंत्रण होय. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी असणे शुक्राणुनिर्मितीस आवश्यक असते, हेही ध्यानात घ्यावे. हिवाळ्यातील दुपारचे ऊन त्या मानाने सोयीचे ठरते. साठ हजार एककांच्या पुड्या वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो.

निष्कर्ष :
जीवनसत्त्व ‘ड’ ची कमतरता हाडे व स्नायूंच्या आरोग्यासाठी भरून काढणे योग्यच आहे. परंतु वंध्यत्वावरील उपाय म्हणून त्याची परिणामकारकता अद्याप सिद्ध झालेली नाही. वीर्यतपासणी ही साधी, कमी खर्चाची व शस्त्रक्रियेविना होणारी तपासणी आहे. ती पत्नीच्या तपासण्यांबरोबरच आरंभी व्हावयास हवी. गोळ्या-पुड्यांच्या आशेवर ती पुढे ढकलल्यास पत्नीच्या वयाची मोलाची वर्षे वाया जातात आणि दोषाचे ओझेही तिच्याच शिरी राहते. प्रजननाचे शास्त्र विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविताना महाविद्यालयीन अध्यापकांनी ही बाब आवर्जून मांडणे अगत्याचे आहे.