संख्यांशी मैत्री – भाग ७ : बीड तेवीस, लातूर चोवीस

अहमदपूरच्या रस्त्यावर दहा मिनिटं थांबा. लातूरच्या गाड्यांवर एमएच २४, नांदेडच्या गाड्यांवर एमएच २६ आणि मधूनच एखादी बीडची, एमएच २३. आजचा धडा या पाट्यांवरच आहे.

सोयाबीनचे मूठभर दाणे घेऊन मुलासोबत ओसरीवर बसा. चोवीस दाणे मोजायला सांगा. प्रत्येक ओळीत सारखेच दाणे हवेत आणि ओळी एकाहून जास्त हव्यात. बाराबाराच्या दोन, आठआठच्या तीन, सहासहाच्या चार. मांडणी पटापट जमते. चोवीस ही संयुक्त संख्या. आता एक दाणा उचला. तेवीस राहिले. दोन ओळी केल्या की एक उरतो, तीन केल्या की दोन, चार केल्या की तीन. ‘ही मूळ संख्या’ असं लगेच सांगून टाकू नका. मुलाला चाचपडू द्या. एकेक दाण्याच्या तेवीस ओळी किंवा तेविसांची एकच लांब ओळ, याशिवाय काही जमत नाही, हे त्याच्या हातांना कळलं पाहिजे.

मग व्याख्या सांगा : १ आणि ती संख्या स्वतः, असे नेमके दोनच विभाजक असतील तर ती मूळ संख्या. १ ला विभाजक एकच, म्हणून १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही. २ ही एकमेव सम मूळ संख्या.

मुलं सगळ्यात जास्त फसतात ती ९१ पाशी. विषम आहे, दोनाच्या-पाचाच्या पाढ्यात नाही, म्हणजे मूळच, असं त्यांना वाटतं. पण सात तेरे एक्याण्णव! शंभरच्या आतल्या २५ मूळ संख्या पाठ करून घेण्यावर आपल्याकडे फार भर असतो. मला तो पटत नाही. त्यापेक्षा कारण सांगा. शंभराहून लहान संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्यातली एक तरी दहापेक्षा लहान असणारच. दोन्ही दहा किंवा मोठ्या असत्या तर गुणाकार शंभर किंवा त्याहून जास्त झाला असता. म्हणून २, ३, ५ आणि ७ या चौघांनीच भागून बघायचं. चौघांपैकी एकानेही भाग गेला नाही, तर ७ च्या पुढची ती संख्या मूळ.

मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांचे क्रमांक २० ते २६ आणि हिंगोलीचा ३८. यांत मूळ संख्या एकटी बीडची. तिच्यानंतर २४ ते २८ अशा सलग पाच संयुक्त संख्या येतात आणि पुढची मूळ संख्या पैनगंगेपलीकडच्या यवतमाळला भेटते, २९.

पुढच्या भागात सहमूळ संख्या पाहू. तोवर मुलांना १४३ तपासायला द्या, आणि या वेळी चौघांनी का भागत नाही, हे त्यांनाच शोधू द्या.