अवधाण आलंय? आधी पाय बघा

दिवाळीच्या आगेमागे केज तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला बाहेर पडतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत पाचटानं हात चिरतात, बुडखे पायात घुसतात आणि एखाद्या रात्री जांघेत ठणकणारी गाठ येते, अंगात कणकण भरते. अवधाण आलं म्हणायचं आणि चोळत बसायचं. कुणी चुना-गूळ लावतं, कुणी बिब्बा.

गाठ हाच आजार, हा पहिला गैरसमज. शरीरात अशा सहाशेच्या आसपास लसिकाग्रंथी असतात आणि पोलीस ठाण्यासारखी प्रत्येकीची हद्द ठरलेली असते. जांघेतल्या गाठीकडे पाय आणि गुप्तांग, काखेतल्या गाठीकडे हात आणि छाती, जबड्याखालच्या गाठीकडे दात-हिरड्या, मानेच्या मागच्या बाजूच्या गाठीकडे डोक्याची कातडी. जंतू हद्दीत शिरतात, ग्रंथी त्यांना अडवते आणि त्या झटापटीत सुजते. गुन्हा पायाच्या बोटात आणि लेप जांघेत, असा आपला कारभार! जखम बरी झाली की गाठ आपोआप उतरते. चोळल्यानं फक्त दुखणं वाढतं, आणि बिब्ब्यानं तर कातडी भाजून नवी जखम होते.

वरचेवर अवधाण येतं म्हणजे रक्त बिघडलं, असं म्हणून काढे घेणारेही पुष्कळ. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, तर जंतूंची वाट उघडी राहिलेली असते. ती बहुधा अगदी साधी असते: पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, अर्धवट निघालेला बाभळीचा काटा, किडकी दाढ, पोरीच्या डोक्यातल्या उवा. बंद बूट, जखम लगेच साबण-पाण्यानं धुणं, रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या करून चिखल्यांवर मलम लावणं, यानं बरीच अवधाणं टळतात. एवढं करूनही थांबत नसेल तर रक्तातली साखर तपासावी. वाढलेल्या साखरेत जखमा चिघळतात. जखमेपासून वर लाल रेघ चढली किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मेडिकलवरून आणलेल्या दोन दिवसांच्या गोळ्यांनी तिथे भागत नाही.

‘दुखत नाही ना, मग राहू दे,’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. ठणकणारी गाठ बहुतेक वेळा जंतूंची असते. न दुखणारी, टणक, दोन-तीन आठवडे न उतरणारी किंवा वाढत जाणारी गाठ दाखवायलाच हवी. तंबाखू खाणाऱ्याच्या मानेत असेल तर आजच. गळपट्टीच्या हाडाच्या वरची गाठ कितीही लहान असो, तपासून घ्यावी. सुई घातली की कॅन्सर पसरतो, ही भीती उगाच आहे. बारीक सुईनं थोड्या पेशी काढून बघतात, आणि त्यावरच पुढचे उपचार ठरतात.

त्या सुईत पुष्कळदा गंडमाळ, म्हणजे गाठींचा क्षयरोग निघतो. मग घरात ताट वेगळं, अंथरूण वेगळं. क्षय पसरतो तो फुप्फुसाचा असेल तर, खोकल्यातून. नुसत्या गाठीचा क्षय शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं लागत नाही. फुप्फुसातही आहे का, एवढं एक्स-रे आणि थुंकीच्या तपासणीतून बघून घ्यायचं. औषध साधारण सहा महिने चालतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. मधेच गाठ थोडी फुगते, कधी नवी येते, तेव्हा ‘औषध लागू पडेना’ म्हणून लोक गोळ्या सोडतात. ही सूज अनेकदा मेलेल्या जंतूंवर शरीर चिडल्यामुळे येते. डॉक्टरांना दाखवावं, गोळ्या चालू ठेवाव्यात.

आणि कोयता घेऊन निघायचं असेल तर दवाखान्यात आधी सांगावं. रुग्णाची नोंद निक्षय या देशभराच्या यंत्रणेत असते. केजला सुरू झालेलं औषध कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्रातून पुढे मिळू शकतं.