रस्ता उचलणारी काळी माती

वैशाखात गंगथडीच्या रानात हातभर काठी भेगेत सहज बुडते आणि मृगाचे दोन पाऊस पडले की त्याच भेगा मिटतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण हीच काळी माती रस्त्याखाली फुगून डांबर उचलते, तेव्हा दोष बहुधा बिगाऱ्याच्या माथी मारला जातो. कामगारांत हयात गेलेल्या मला म्हणून हा विषय नुसता भूगर्भाचा वाटत नाही.

काळीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. वहीच्या पानांसारखे त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. पाणी पानापानांत शिरते आणि वही जाड होते. थंड देशांतही रस्ते उचलतात, ते हिमामुळे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हेच त्याचे कारण मानले जाई. अमेरिकेचे भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास गोठताना आकसणारे बेंझीन घेऊन पाहिले, तरी माती उचललीच! खालून द्रव ओढून घेणे हेच खरे कारण ठरले. आपल्याकडे हिम नाही, पण पाणी ओढणारी माती आहे.

ही माती आधी ओळखण्याचे साधन इतके साधे आहे की हसू यावे. वाळवून चाळलेली माती १०-१० ग्रॅम दोन मापनळ्यांत घालावी. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल ओतून २४ तास ठेवावे. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाही, म्हणून तेथील माती फुगत नाही. रॉकेलात ती १० मिलिलिटर भरली आणि पाण्यात १७, तर फुगवटा ७० टक्के. भारतीय मानकांत ही रीत १९७७ पासून आहे. महामार्गाच्या भरावात ५० टक्क्यांवरची माती सहसा चालत नाही.

मात्र एवढ्यावरून रस्ता किती उचलेल ते कळत नाही. माती मुळात किती कोरडी, वर ओझे किती, पाणी कोठून येणार, हेही पाहावे लागते. उंच भरावाखालची काळी दबून राहते. खोदलेल्या खिंडीत वरचे ओझे गेलेले असते, शिवाय पाणी साचते; तेथे रुळाला धोका अधिक. सारा रस्ता सारखा उचलला तर कोणाला कळणारही नाही. पण कडेची माती आधी भिजते, आधी वाळते, डांबराखालची मधली मागे राहते. म्हणून कडेला लांबच लांब चीर पडते. रुळांचेही तसेच: एक रूळ वर, दुसरा खाली.

उपाय आहेत. चुना मिसळता येतो. मुंबईच्या आय.आय.टी.चे डॉ. आर. के. कट्टी यांनी काळीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर देण्याची रीत घालून दिली. साधी बाजूची गटारेही निम्मे काम करतात, पण ती उपसणार कोण?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिदिनी, अहिल्यानगरहून येणाऱ्या मार्गावर बीडपर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली. बालाघाटाचे माळ मुरमाड, खालची राने काळी. एकाच मार्गावर दोन स्वभावांची जमीन. त्या दोन नळ्यांचे आकडे निविदेबरोबर जाहीर व्हावेत, आणि त्यांची एक प्रत रुळांची निगा राखणाऱ्या टोळीच्या मुकादमाकडेही असावी. पावसाळ्यात गिट्टी ठोकत रात्र काढायची ती त्यालाच.