समासातली जागा कुणाची?

वर्तमानपत्रात एखाद्या समाजाविषयी धादांत खोटे छापून आले, तर वाचक संपादकाला पत्र लिहितो. ते पत्र छापायचे की टोपलीत टाकायचे, हे संपादकच ठरवतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच न्यायाधीश! १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. इंटरनेट आले तेव्हा वाटले, आता ही मक्तेदारी मोडली. बातमीखाली प्रतिक्रियेचा रकाना आला, जो तो लिहू लागला. पण रकाना शेवटी मालकाचाच. त्यात शिवीगाळ फार होते म्हणून ‘पॉप्युलर सायन्स’ने २०१३ मध्ये, ‘रॉयटर्स’ने २०१४ मध्ये बातम्यांखालचा आणि अमेरिकेच्या ‘एनपीआर’ने २०१६ मध्ये आपला रकाना बंद करून टाकला. शिवीगाळ होत होती हे खरेच. पण तिच्याबरोबर सभ्य शब्दांत चूक दाखवणाऱ्याचीही जागा गेली.

या सगळ्यात एक वेगळी वाट काही मंडळी गेली तीस वर्षे शोधत आहेत. तिच्याविषयी चळवळीत फारसे बोलले जात नाही, म्हणून आम्ही आज तो विषय घेत आहोत. ती वाट अशी : मालकाची परवानगी मागायचीच नाही. आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटे साधन बसवायचे. कुठलेही संकेतस्थळ उघडले की त्यातले वाक्य निवडायचे आणि शेजारी आपले टिपण लिहायचे. हे टिपण मूळ पानावर उमटत नाही. ते दुसऱ्याच सर्व्हरवर जाऊन बसते. ज्याच्याकडे तेच साधन आहे त्याला ते पान उघडताच बाजूला आपले टिपण दिसते, आणि तो त्याला उत्तरही देऊ शकतो. शाळेत वहीला समास सोडायला शिकवतात ना, तसा हा जगातल्या प्रत्येक पानाला सोडलेला समास. मजकूर मालकाचा, समास वाचकाचा.

कल्पना नवी नाही. १९९३ साली ‘मोझॅक’ ब्राउझर तयार होत असतानाच ही सोय करून पाहिली होती. सगळ्यांची टिपणे सांभाळणारा सर्व्हर चालवणे झेपेना म्हणून ती सोडून दिली, असे तो ब्राउझर घडवणाऱ्या मार्क अँड्रिसन यांनीच पुढे २०१२ मध्ये सांगितले. मग १९९९ मध्ये ‘थर्ड व्हॉइस’ आले. सिंगापूरच्या तरुण अभियंत्यांनी अमेरिकेत काढलेली ही कंपनी. त्यांच्या साधनाने कुणीही कुठल्याही पानावर जाहीर टिपण चिकटवू लागला, आणि संकेतस्थळांचे मालक खवळले. आमच्या भिंतीवर तुम्ही कोण लिहिणार, असा त्यांचा सवाल. शेकडो मालकांनी एकत्र येऊन विरोधाची मोहीम चालवली. वास्तविक त्यांच्या भिंतीला कुणी हातही लावला नव्हता. वाचकाने आपल्या पैशाने घेतलेल्या संगणकावर, आपल्याच पडद्यावर काय पाहायचे एवढाच प्रश्न होता. तरी राग आला, कारण राग भिंतीचा नव्हताच. २००१ मध्ये ‘थर्ड व्हॉइस’ बंद पडले. मालकांच्या विरोधामुळे नव्हे, जाहिरातींचा पैसा आटल्यामुळे.

२००९ च्या सप्टेंबरमध्ये गुगलने ‘साइडविकी’ काढले. गुगलसारखा धनदांडगा पाठीशी, मग काय कमी? पण दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, गुगलने साफसफाईत ते गुंडाळून टाकले. लिहिणाऱ्यांना आपला मजकूर उतरवून घ्यायला काही महिने मिळाले. मात्र टिपण आणि ते ज्या वाक्याशेजारी होते ते वाक्य, यांची जोडी तुटली ती तुटलीच. वाक्यापासून तोडलेल्या खंडनाला काय अर्थ उरतो? कुणाला उत्तर दिले होते हेच कळत नाही.

आमच्या मते खरा मुद्दा इथे आहे. पानाच्या मालकापासून सुटका झाली, पण टिपणांच्या कोठाराचा मालक नवा सावकार होऊन बसला. त्याने दुकान बंद केले की हजारो लोकांचे लिहिलेले गेले. म्हणूनच २०१७ च्या फेब्रुवारीत वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने टिपणांसाठी जे खुले मानक जाहीर केले, त्याचे महत्त्व आहे. टिपण कोणत्या पानावरचे, कोणत्या वाक्यावरचे, मागचेपुढचे शब्द कोणते, हे सगळे ठरावीक पद्धतीने नोंदवले, तर एका कोठारातला माल दुसऱ्या कोठारात नेता येतो. २०११ मध्ये ना-नफा तत्त्वावर सुरू झालेला ‘हायपोथेसिस’ हा प्रकल्प याच वाटेने चालतो आणि त्याची संगणकीय संहिताही खुली आहे. हवामानशास्त्रज्ञांच्या ‘क्लायमेट फीडबॅक’ या गटाने हेच साधन घेऊन वर्तमानपत्रांतले हवामानविषयक लेख ओळीओळीने तपासले. संपादकाला पत्र पाठवून ते वाट पाहत बसले नाहीत.

आता दुसरी बाजू. २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील ‘गॅब’ या कंपनीने ‘डिसेंटर’ नावाचे असेच साधन काढले. पिट्सबर्गच्या यहुदी प्रार्थनास्थळात २०१८ मध्ये अकरा जणांचे बळी घेणारा खुनी ज्या ‘गॅब’वर द्वेष ओकत होता, तीच ही कंपनी. दोन महिन्यांत मोझिला आणि गुगल या दोघांनीही ‘डिसेंटर’ आपल्या दुकानातून काढून टाकले. त्याआधी २०१६ मध्ये ‘जीनियस’ या कंपनीच्या साधनाबाबत अमेरिकेत वाद झाला. एका तरुण लेखिकेने आपल्या खाजगी आयुष्याविषयी स्वतःच्या पानावर लिहिले, त्यावर अनोळखी लोक शेरे मारू लागले, आणि तिला ते थांबवता येईनात. काँग्रेस सदस्य कॅथरीन क्लार्क यांनी कंपनीला पत्र लिहून जाब विचारला.

म्हणून सरसकट ‘समास सर्वांना मोकळा’ अशी घोषणा आम्ही देणार नाही. सरकारचा मसुदा, बड्या दैनिकाचा अग्रलेख, पाठ्यपुस्तकातला धडा, विद्यापीठाचे परिपत्रक, यांना विचारण्याची गरज नाही. सत्तेच्या जागेवरून लिहिणाऱ्याने भाष्य सोसलेच पाहिजे. पण आमच्याच वस्तीतल्या एखाद्या मुलीने वसतिगृहात सोसलेले चार ओळींत मांडले आणि तिच्या शब्दाशेजारी कुणी जातिवाचक शेरा डकवला, तर ते वाचकाचे स्वातंत्र्य होत नाही. तिला तो शेरा पुसता येत नाही. कित्येकदा तो तिथे आहे हेही तिला कळत नाही. दोन्ही गोष्टींना एकच माप लावणारा कायदेपंडित आम्हाला तरी शहाणा वाटत नाही.

चळवळीला याचा उपयोग कुठे? केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि तीस दिवस तो समजून घेण्यातच जातात. नागपूर, औरंगाबाद, मुंबई इथल्या पाचसहा वकिलांनी आणि विद्यार्थ्यांनी एक गट करून कलमाशेजारीच मराठीत टिपणे लिहिली, तर हरकती वेळेत तयार होतील. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात आहेत. ‘हायपोथेसिस’ पीडीएफ ओळखते ते तिच्या आतल्या खुणेवरून, त्यामुळे तीच प्रत प्रत्येकाने आपापल्या संगणकावर उघडली तरी गटाची टिपणे सर्वांना दिसतात. गावोगावची अभ्यास मंडळे एकच ग्रंथ एकत्र वाचू शकतात. फक्त पान नुसते छायाचित्र असेल आणि अक्षरे निवडता येत नसतील, तर हे साधन वाक्याला चिकटत नाही.

अडचणी आहेत. मोबाईलवर हे संगणकाइतके सोपे नाही आणि आपले बहुतेक लोक मोबाईलवरच वाचतात. साधन नसलेल्याला आपले टिपण दिसत नाही, म्हणून जाहीर खंडनासाठी आपले वर्तमानपत्र आणि आपली सभा यांना पर्याय नाही. मालकाने वाक्य बदलले की टिपण अनाथ होते; खोटे बोलणारा तेवढे नक्कीच करील, तेव्हा लिहिण्याआधी त्या पानाची प्रत ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये साठवून ठेवावी. आणि गट काढताना तो खाजगी आहे की सार्वजनिक, हे आधी पाहावे. ‘हायपोथेसिस’वरची सार्वजनिक टिपणे हक्कमुक्त धरली जातात, म्हणजे ती कुणीही उचलून कुठेही छापू शकतो, आपले विरोधकसुद्धा.