वाय गुणसूत्र आणि नर फळमाशी

• नर एक्सवाय, मादी एक्सएक्स. वायचे काम मात्र सगळ्या माश्यांत सारखे नाही.

• ड्रोसोफिला: वाय नसला तरी नरच जन्मतो, पण वांझ. वायवरची ‘केएल-३’, ‘केएल-५’ ही जनुके शुक्राणूच्या शेपटीतले डायनिन प्रथिन घडवतात.

• भूमध्य फळमाशी: इथे वायवरचे ‘मॉय’ जनुकच नर ठरवते (शोध जाहीर : २०१९). ते बंद पाडले की एक्सवाय गर्भाची मादी होते; एक्सएक्स गर्भात सुरू केले की नर. विशेष म्हणजे, अशा नर-माद्यांच्या मीलनातून पिल्लेही झाली.

• आंब्याला डंख मारणाऱ्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसमध्येही ‘मॉय’ सापडते.

• नर-वंध्यत्व तंत्र: नर ठरवणारे जनुक कामी येऊ शकते ते इथे. कीड आवरण्यासाठी किरणोत्सर्गाने वांझ केलेले नर सोडतात. समागम होतो, अंडी उबत नाहीत. क्युरासाओ बेटावरून स्क्रूवर्म माशी १९५४मध्ये अशीच हटवली.